रील साठ सेकंदांची, महिना वीस तारखेचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"मी २५ वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यापासून तीन वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. हातात २४ हजार येतात, त्यातले ८ हजार घरी देते. घर सिडकोत, आई-बाबा आणि भावासोबत. दिवसभर खरेदीची बिलं, जीएसटी, पुरवठादारांचे फोन. रात्री साडेअकराला मोबाइल हातात घेतला की साडेबारा कधी वाजतात कळत नाही. कॉलेजची एक मैत्रीण पुण्याला आयटी कंपनीत आहे. ती 'माझा ऑफिसचा दिवस' अशा रील्स टाकते. काचेची इमारत, कॉफी मशीन, बीनबॅग. पॅकेज आठ लाख. लिंक्डइन उघडलं की रोज कुणाची तरी बढती. गेल्या महिन्यात दोन पुरवठादारांचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आलं नाही म्हणून साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. त्याच शुक्रवारी एचआरच्या मॅडमनी केक कापायला लावून कंपनीच्या पेजसाठी रील काढली. मीही हसले. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा एका रविवारी कॉलेज रोडच्या कॅफेत भावाचा लॅपटॉप समोर ठेवून फोटो टाकला, खाली 'वर्क मोड' लिहिलं. आत्याचा फोन आला, नवी नोकरी लागली का गं? तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटते. माझी नोकरी खरंच वाईट आहे का? राजीनामा देऊ का? आणि कंपनीच्या रीलला नाही म्हणता येतं का?"

नमस्कार.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी. हो, कंपनीच्या रीलला नाही म्हणता येतं, आणि कुणाला न दुखावता म्हणता येतं. कसं ते पुढे सांगतो. पहिले दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सोडवायला थोडी नोंद आणि थोडी आकडेमोड लागेल, आणि ती तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली जमते.

मैत्रिणीची साठ सेकंदांची एखादी रील आवाज बंद करून पुन्हा पाहा आणि तुकडे मोजा. दोन-तीन सेकंदांचा एक, म्हणजे वीस ते तीस तुकडे भरतील. प्रत्येकात काय आहे ते कागदावर लिहा. गळ्यातलं आयकार्ड, लिफ्टचा आरसा, कॉफीचा मग, कीबोर्डवरची बोटं, कॅन्टीनचं ताट, खिडकीतून दिसणारं संध्याकाळचं आभाळ. प्रत्यक्ष काम किती तुकड्यांत आहे? बहुधा एकाही नाही. मैत्रीण लबाड आहे असा याचा अर्थ नाही. आयटी कंपन्यांत स्क्रीनचा फोटो काढायला सहसा मनाई असते. ग्राहकाची माहिती चुकून दिसली तर नोकरीवर येतं. मीटिंगचं चित्रण करता येत नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारल्याशिवाय घेता येत नाही. दिवसातून हे आठ-नऊ तास वजा केले की दाखवण्याजोगी उरते ती कॉफी आणि काच. मग तोच कॉफीचा शॉट तीनदा घ्यायचा. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा, समोरून चालत जायचं, परत येऊन मोबाइल उचलायचा. यात कष्ट आहेत, पण ते ऑफिसच्या कामाचे नाहीत.

तुम्ही उद्या स्वतःच्या दिवसाची रील काढलीत तरी हेच होईल. टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, स्क्रीन दाखवता येणार नाही, बिलांवरचे दर तर नाहीतच. उरेल गरवारे पॉइंटची गर्दी, डबा आणि चारचा चहा. तीन वर्षांत तुम्ही जे शिकलात त्यातलं काहीच त्या साठ सेकंदांत येणार नाही. मैत्रिणीच्या बाबतीतही तेच झालं आहे, आणि तुम्ही मात्र तिच्या कॉफीची तुलना स्वतःच्या थ्री-बीशी, म्हणजे दरमहाच्या जीएसटी विवरणाशी, करता आहात.

लिंक्डइनची गोष्ट निराळी आहे. तिथे साधं गणित फसवतं. समजा तुमच्या ओळखीत ४०० जण आहेत आणि प्रत्येकाने वर्षातून एकदाच आनंदाची बातमी टाकली. तरी तुम्हाला रोज एक बातमी दिसणार. त्या माणसाचे बाकीचे ३६४ दिवस दिसत नाहीत. पगारवाढ नाकारली गेली, प्रोजेक्ट बंद पडला, प्रोबेशन वाढवलं, असं फार थोडे लोक लिहितात. शिवाय तिथे पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी पाहा' दाबल्यावर. म्हणून पहिली ओळ घासूनपुसून झगमगीत केलेली असते. ज्याला सगळं सुरळीत मिळालं त्याचीही, आणि दोन वर्षं धडपडून मिळालं त्याचीही.

आता तुमच्या दिवसाकडे येऊ. शंभर पानी वही घ्या आणि दहा कामाच्या दिवसांची नोंद ठेवा. दिवसातून तीनदा, दर वेळी दोन ओळी: साडेअकराला, साडेतीनला आणि निघताना. कोणते दहा दिवस हे महत्त्वाचं आहे. अकाउंट्सचा महिना सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरण), १४ ला जीएसटी पोर्टलवर टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला थ्री-बी. तेव्हा नोंद ११ पासून सुरू करून २२-२३ पर्यंत न्या, म्हणजे घाईचे दिवसही येतील आणि २० नंतरचा मोकळा श्वासही. फक्त १५ ते २० लिहिलंत तर कुठलीही नोकरी नरक वाटेल.

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका. 'क' म्हणजे कंटाळवाणं काम. 'द' म्हणजे ऑफिसच्या पद्धतीतला दोष, ज्यामुळे काम अडलं किंवा अपमान झाला. 'श' म्हणजे काहीतरी नवं शिकले किंवा स्वतः अडचण सोडवली. या वह्या बहुतेक वेळा दोन कारणांनी बिघडतात. एक, रात्री घरी जाऊन लिहिल्या जातात. तोवर दिवसातल्या सर्वांत वाईट अर्ध्या तासाचा रंग अख्ख्या दिवसाला लागलेला असतो. दुसरं, 'साहेब वाईट वागले' असं लिहिलं जातं. त्याऐवजी कोण, किती वाजता, काय म्हणालं आणि त्याआधी काय घडलं होतं ते लिहा.

तीसेक नोंदी होतील. त्यात १८-२० 'क' असतील तर घाबरू नका. हिशेबाच्या कुठल्याही नोकरीत तेवढा भाग असतो, काचेच्या इमारतीतही. 'द' सहा-सातपेक्षा जास्त असतील आणि ते एकाच ठिकाणाहून येत असतील तर तो विषय वर मांडायचा. आणि दहा दिवसांत 'श' दोनाहून कमी निघाले तर तिसऱ्या वर्षात ही नोकरी तुम्हाला पुढे नेत नाही, असं आम्ही धरू. हे ढोबळ मोजमाप आहे, पण रात्री साडेबारा वाजता मनात येतं त्यापेक्षा नक्कीच बरं.

तुमच्या पत्रातला एक 'द' आत्ताच दिसतो आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवं, कारण लाज वाटण्याची सुरुवात रीलपासून नाही, तिथून झाली आहे. साहेब ओरडले त्या प्रसंगात दोन गोष्टी आहेत: न आलेलं क्रेडिट आणि ओरडणं. दोन्हींचे उपाय वेगळे.

क्रेडिट का येत नाही? जानेवारी २०२२ पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. टू-बी १४ ला येतं आणि थ्री-बी २० ला भरायचं, म्हणजे हातात सहा दिवस, त्यात बहुधा एक रविवार. एवढ्या वेळात पुरवठादाराला फोन करून काहीच दुरुस्त होत नाही, कारण त्याची ११ तारीख उलटून गेलेली असते. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, ते अनेकांच्या लक्षात येत नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला पुरवठादार त्रैमासिक योजनेत असू शकतो. तो तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत बिलं दाखवायला बांधील नाही. १३ तारखेपर्यंत आयएफएफ नावाच्या सोयीतून ती दाखवता येतात, पण ते ऐच्छिक आहे. त्याने ती टाकली नाहीत तर तुमचं क्रेडिट तिमाही संपल्यावरच दिसणार. तो चुकला नाही आणि तुम्हीही चुकला नाहीत, तरी ओरडा तुम्हालाच.

म्हणून काम १४ ला सुरू न करता ५ ला सुरू करा. पुरवठादारांच्या यादीत एक रकाना वाढवा, मासिक की त्रैमासिक. ५ तारखेला प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर त्याच्या बिलांचे नंबर, तारखा आणि कराची रक्कम पाठवा आणि लिहा: "ही बिलं ११ च्या आत जीएसटीआर-१ मध्ये, त्रैमासिक असाल तर १३ च्या आत आयएफएफमध्ये टाकावीत." सगळ्यांच्या मागे लागू नका. यादी कराच्या रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या पंधरा-वीस जणांना ९-१० तारखेला फोन करा. क्रेडिटचा मोठा हिस्सा बहुधा तिथेच अडकलेला असतो. १२ आणि १३ ला पोर्टलवरच्या आयएमएसमध्ये डोकवा. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि पुरवठादाराने बिल टाकलं की ते तिथे आधीच दिसू लागतं.

१४ ला टू-बी उतरवून घेतल्यावर एक्सेलमध्ये थेट बिल नंबर जुळवायला गेलात तर निम्मी बिलं जुळणार नाहीत. पुरवठादार एकाच बिलाला '००१२/२५-२६' लिहितो आणि तुमच्याकडे ते '१२' म्हणून चढलेलं असतं. आधी दोन्हीकडच्या नंबरांतला वर्षाचा भाग, तिरपे दंड, आडव्या रेघा आणि सुरुवातीची शून्यं काढा, मग जीएसटी नंबर आणि साफ केलेला बिल नंबर जोडून एक चावी बनवा आणि तिच्यावर एक्सलुकअप हे शोधून जुळवणारं सूत्र लावा. एक-दोन रुपयांचा फरक सोडून द्या. न जुळलेली बिलं चार गटांत पडतील: टाकलीच नाहीत, रकमेत फरक, चुकीचा जीएसटी नंबर किंवा चुकीचा कर प्रकार, आणि महिनाअखेरीची. शेवटच्या गटात बिल ३० तारखेचं असतं आणि माल गेटवर २ तारखेला येतो. ते चूक नसतं, फक्त वेगळं दाखवावं लागतं.

आणि मग सर्वांत महत्त्वाचं. १६ ला दुपारपर्यंत साहेबांना एका पानाचा तक्ता मेलवर पाठवा: पुरवठादार, बिल, अडकलेला कर, कारण, तुम्ही काय केलं. तीच बातमी २० ला संध्याकाळी कळली की ती तुमची चूक दिसते. १६ ला कळली की ती पुरवठादाराची असते आणि साहेबांकडे चार दिवस उरतात. त्यांना राग येतो तो क्रेडिट बुडालं म्हणून नाही. ते पुढच्या महिन्यांत घेता येतं, आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, जे आधी असेल ते. पण तेवढा कर या महिन्यात रोख भरावा लागतो, आणि छोट्या कंपनीत तीच रोख पगाराला किंवा कच्च्या मालाला ठेवलेली असते. हे समजून घेतलंत की तक्त्यात एक ओळ आपोआप वाढेल: 'या महिन्यात जादा रोख लागेल: अमुक रुपये'. त्या ओळीमुळे साहेबांचा तुमच्याशी बोलायचा सूर बदलण्याची शक्यता बरीच आहे.

ओरडण्याचं काय? त्याबद्दल २१ तारखेनंतर, एकटे भेटून, दोन वाक्यांत बोला: "साहेब, माझी चूक असेल तर मला केबिनमध्ये सांगा, मी दुरुस्त करीन. सगळ्यांसमोर बोललात की दिवसभर हात चालत नाही." एवढंच. मागचे दाखले नकोत आणि रडकुंडीला येऊनही नको. पद्धत सुधारल्यावर आणि असं बोलल्यावरही ते पुन्हा चारचौघांत ओरडले, तर तो दोष एक्सेलने दुरुस्त होणारा नाही. तेव्हा दुसरीकडे पाहायला लागा, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटू देऊ नका.

आता पॅकेजचं. आठ लाख भागिले बारा म्हणजे ६६,६६७ आणि तुमचे २४,०००. फरक ४२ हजारांचा, असं तुम्ही मनात धरलं आहे. तो तसा नसतो. आठ लाखांत समजा ८० हजार कामगिरीवर अवलंबून आहेत, ते महिन्याला येत नाहीत. मूळ पगार चार लाख धरला तर कंपनीचा १२ टक्के पीएफ ४८,०००, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे १९,२४०, विम्याचे समजा ८,०००. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं पण पगाराच्या दिवशी खात्यात येत नाही. उरले ६,४४,७६०, महिना ५३,७३०. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ४,००० आणि व्यवसाय कर २००. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर शून्य येतो. हातात साधारण ४९,५००. पुढे पुण्यात राहण्याचा खर्च. पीजीचे ११,०००, जेवणाचे ६,०००, येण्याजाण्याचे ३,०००, नाशिकच्या फेऱ्यांचे २,५००, इतर ४,००० धरले तर मागे २३,००० राहतात. तुमचे २४,००० वजा घरी ८,०००, पेट्रोल १,८००, इतर २,२०० म्हणजे १२,०००. महिन्याला फरक ११ हजारांचा, शिवाय तिच्या पीएफमध्ये तुमच्यापेक्षा जास्त पडतात. आकडे तिला विचारून बदला, रीत हीच ठेवा. फरक खरा आहे, तो नाकारायची गरज नाही. पण ११ हजारांचा फरक दोन-अडीच वर्षांच्या तयारीने भरून काढता येतो. ४२ हजारांच्या फरकापुढे माणूस हात टेकतो.

मोबाइलबद्दल आता. तुम्ही अॅपला तासाची मर्यादा लावून पाहिली असेल आणि उपयोग झाला नसेल, तर त्याचं एक कारण तांत्रिक आहे. अँड्रॉइडमधली रोजची मर्यादा मध्यरात्री शून्यावर येते. तुम्ही साडेअकरा ते साडेबारा बघता, म्हणजे बारा वाजता नवा कोटा मिळतो. त्याऐवजी झोपेची वेळ पावणेअकराची लावा, स्क्रीन करडी होईल, आणि चार्जर स्वयंपाकघरात न्या. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. मैत्रिणीला अनफॉलो करू नका. तिच्या प्रोफाइलवर 'फॉलोइंग' दाबलं की 'म्यूट' येतं, तिला ते कळत नाही. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करता येतो. तो केल्यावर पहिले चार-पाच दिवस काय पाहता त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून त्या दिवसांत ऑफिसच्या रील्सवर बोट थांबू देऊ नका. लिंक्डइनवर फीडचा क्रम 'अलीकडचं आधी' असा ठेवा, आणि ते ऑफिसात दुपारी दहा मिनिटं, संगणकावर उघडा. अंथरुणात नको.

कंपनीची रील. मॅडमना आदल्या दिवशी भेटा, कॅमेरा समोर आल्यावर नाही. म्हणा: "मॅडम, मला व्हिडिओत यायला संकोच वाटतो. कार्यक्रमाची तयारी, खर्चाची बिलं मी बघते, पण माझा चेहरा नको." मदत देऊ केली की नकार टोचत नाही. आधीच्या रीलमधला तुमचा तुकडा काढायची विनंतीही त्याच वेळी करा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात संमती मोकळेपणी दिलेली आणि मागे घेता येईल अशी असावी हेच तत्त्व आहे. मॅडमपुढे कायदा काढायची मात्र गरज पडू नये. त्यापेक्षा कंपनीच्या हिताचा मुद्दा सांगा: अकाउंट्सच्या खोलीत चित्रण केलं तर फळ्यावरचे दर, टेबलावरच्या खरेदीच्या ऑर्डरी (पीओ) आणि पुरवठादारांची नावं मागे दिसतात. शॉप फ्लोअरवर तर ग्राहकाची ड्रॉइंग्ज असतात आणि हेल्मेट-बूट नसलेला एखादा माणूस चौकटीत येतोच. केक कॅन्टीनमध्ये कापावा. हे ऐकल्यावर मॅडम तुमचे आभारच मानतील.

कॅफेतल्या फोटोची लाज आता सोडा. तो काढून टाका आणि आत्याला सरळ सांगा की नोकरी तीच आहे. त्या जागी, तीन महिन्यांनी, टू-बीची पद्धत बसल्यावर लिंक्डइनवर मराठीतच पाच ओळी लिहा: त्रैमासिक पुरवठादारांचं क्रेडिट का अडकतं आणि ५ तारखेचा मेसेज कसा असावा. कंपनीचं नाव, रकमा, पुरवठादार काही नको. असं काम करणारे नाशिकमध्येच कितीतरी आहेत आणि त्यांना ते लगेच उपयोगी पडेल. बायोडेटातही 'अकाउंट्स व जीएसटी पाहते' ही ओळ काढून दरमहा किती पुरवठादार, किती बिलं जुळवता आणि जुळवणी किती दिवसांवरून किती दिवसांवर आणली ते लिहा. मुलाखत घेणारा पहिला प्रश्न त्यावरच विचारेल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.

राजीनामा आज नको, आणि १४ ते २० च्या दरम्यान तर मुळीच नको. वहीत 'श' कमी निघाले तर चार-सहा महिन्यांची तयारी ठरवा. चार महिन्यांचा खर्च बाजूला, तुमच्या हिशेबाने सुमारे ५० हजार. एक्सेलमधली पॉवर क्वेरी आधी शिका, टू-बीची जुळवणी तिने काही मिनिटांत होते. पुढे कारखान्यांच्याच क्षेत्रात राहायचं असेल तर कॉस्ट अकाउंटन्सीचा विचार करा, तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेची नाशिक-ओझर शाखा इथेच आहे. एवढं झेपणार नसेल तर नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. मुंबईची ऑफर आली आणि 'पंचवटी एक्सप्रेसने रोज ये-जा करीन' असं मनात आलं, तर आधी सलग तीन दिवस तो प्रवास करून पाहा. एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास जातात, आणि सिडको ते नाशिकरोड वेगळं. कुठलंही ऑफर लेटर आलं की पॅकेजचा आकडा झाकून तीन गोष्टी वाचा: हातात येणारी ठरलेली रक्कम, नोटिसचे दिवस, आणि बाँड आहे का. नोकरी बदललीत तर पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या ठिकाणी वळवा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो.

त्याआधी या रविवारी सकाळी मैत्रिणीला फोन करा. मेसेज नको, फोन. तिला विचारा: हातात किती येतात, शेवटची वाढ कधी झाली, रात्री किती वाजता सुटतेस, सध्याचा प्रोजेक्ट किती महिन्यांचा आहे, पुन्हा निवड करायची झाली तर हीच करशील का. ती मोकळेपणी सांगेल की नाही हे तुम्ही सुरुवात कशी करता त्यावर आहे. तिनेही तुमचा कॉलेज रोडचा तो फोटो पाहिला असणार. तिला आधी हेच सांगा, की तो फोटो रविवारचा होता आणि लॅपटॉप भावाचा होता.